आधी बर्फ, मग बंदूक

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाची वडी माझ्या हातावर ठेवता ठेवता एका काकूंनी विचारलं, "काय हो, तुम्ही शिकारीला जाता म्हणे? खरं का हे?" मी हो म्हणालो. "अगंबाई!" एवढंच म्हणून त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. गोड बोलायचा सण असल्यामुळे बाकीचं त्यांनी पोटात ठेवलं असावं. दोन-तीन तरुण मंडळींनी मात्र मला जेवणाच्या रांगेतच गाठलं. बंदूक कुठली घ्यावी, दुर्बीण केवढ्याची, किती लांबून मारता, असे त्यांचे प्रश्न. श्रीखंड संपेपर्यंत प्रश्न संपले नाहीत, पण बर्फ किती न्यायचा हे कोणी विचारलं नाही. उंच वाळवंटातल्या शिकारीत पहिला प्रश्न तोच असतो. मलाही तो आधी ठाऊक नव्हता, आणि कसा ठाऊक झाला ते सांगायला थोडी लाज वाटते.

शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिक, हाकारे आणि दिवाणखान्यातलं वाघाचं कातडं उभं राहतं. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे संस्थानच्या काळात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होत असे, आणि तिच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं युग संपलं, आणि ते बरंच झालं. अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या राज्यांत व्यवस्था अगदी निराळी आहे. इथला रानातला प्राणी कुणा जमीनदाराचा नसतो, तो सगळ्या जनतेचा, आणि राज्य सरकार त्याचं विश्वस्त. दरवर्षी कळपांची मोजदाद होते, कुठल्या भागातून किती नर आणि किती माद्या काढता येतील ते ठरतं, तेवढेच परवाने निघतात. बंदुका आणि काडतुसांवर १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये जो केंद्रीय कर बसतो, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. हे सगळं मान्य करूनही कुणाला "पण मारायचं कशाला?" असं वाटत असेल, तर त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मटण खाणाऱ्याने एकदा तरी त्याची पूर्ण किंमत डोळ्यांनी पाहावी असं मला वाटतं, एवढंच माझं उत्तर.

आता ती लाजेची गोष्ट. २०११ साली कंपनीतल्या एका सहकाऱ्याला नेवाडात प्राँगहॉर्नचा परवाना मिळाला आणि मी सोबतीला गेलो. प्राँगहॉर्नला इथे सर्रास अँटिलोप म्हणतात, पण तो खरा अँटिलोप नव्हे. त्याच्या कुळात आज तो एकटाच उरला आहे. आपल्या रेहेकुरीच्या माळावर दिसणाऱ्या काळविटाची शिंगं पिळदार आणि कायमची, याच्या शिंगांना फाटा फुटलेला, आणि शिंगावरचं आवरण दरवर्षी गळून नवं येतं. ताशी ५० मैलांहून अधिक वेगाने पळतो. आज अमेरिकेत याला धावून पकडेल असं एकही जनावर नाही. एके काळी इथे असलेल्या आणि पुढे नामशेष झालेल्या चित्त्यासारख्या प्राण्याच्या पाठलागामुळे हा वेग आला असावा, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. कोल्हापूरकराला हे ऐकून बरं वाटतं.

सहकाऱ्याने तिसऱ्या संध्याकाळी साडेसहाला एक नर टिपला. नेम चोख होता. आमची गाडी तिथून अडीच मैलांवर. फोटो काढले, पोट साफ केलं, पण कातडं काढलं नाही. "गाडीपाशी नेऊन निवांत काढू" असं ठरलं. काळोखात, दगडधोंड्यांतून, ओढत आणि खांद्यावर घेत गाडीशी पोचायला मध्यरात्र झाली. आइसबॉक्स एकच, त्यात अर्धं बर्फाचं पाणी आणि बिअरचे डबे. सकाळी ताडपत्रीखाली सगळं बांधून नव्वदच्या वर तापलेल्या उन्हात आठ-नऊ तास गाडी हाकत घरी आलो. मागच्या दोन्ही मांड्या हाडाजवळ आंबल्या होत्या. वास आला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. जवळजवळ निम्मं मांस कचऱ्यात गेलं. नेवाडात खाण्याजोगं मांस निष्काळजीपणाने वाया घालवणं हा गुन्हा आहे. आम्ही मुद्दाम काही केलं नव्हतं, पण निष्काळजीपणा याहून वेगळा काय असतो?

तेव्हापासून मी आखणी उलट्या टोकाने करतो. मांस घरच्या फ्रीजरमध्ये नीट पोचलं पाहिजे, इथून सुरुवात करायची. त्यासाठी ते गोळी लागल्यापासून तीन-चार तासांत बर्फात गेलं पाहिजे. म्हणजे गाडी किती लांब चालेल? म्हणजे तळ कुठे टाकायचा? म्हणजे रस्ता कुठला, पाणी किती, माणसं किती? असं मागे मागे येत बंदुकीपर्यंत पोचलं की कळतं, बंदूक हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

पण त्याआधी परवाना, ज्याला इथे टॅग म्हणतात. नेवाडात अँटिलोपचा टॅग सोडतीने मिळतो. अर्ज वसंत ऋतूत, आता सगळं इंटरनेटवरून. राज्याबाहेरच्यांच्या वाट्याला थोडेच टॅग येतात. नंबर लागला नाही तर एक बोनस पॉइंट जमा होतो. आपल्या भिशीत प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतोच, इथे तशी हमी नाही. पॉइंट्सचा वर्ग करून त्यात एक मिळवायचा, तेवढ्या चिठ्ठ्या तुमच्या नावाच्या. नऊ पॉइंट असतील तर ८२ चिठ्ठ्या, नवख्याची एकच. तरीही नवख्याचा नंबर लागून जुना माणूस हात चोळत बसू शकतो. शिवाय पॉइंट हवा तर दरवर्षी राज्याचं हंटिंग लायसन्स विकत घ्यावं लागतं आणि ते पैसे परत मिळत नाहीत. मी २०१३ पासून अर्ज करत होतो, टॅग २०२२ साली मिळाला. मधल्या नऊ वर्षांत बायकोने लायसन्सच्या पैशांचा हिशेब ठेवला होता. तो इथे छापत नाही.

१ जानेवारी १९६० नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला नेवाडात लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो. कुठल्याही राज्यातला चालतो. जायचं नसलं तरी हा कोर्स करावा, मुलांनाही करू द्यावा. कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची, इतक्या बारकाईने शिकवतात. आपल्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एच-१ किंवा एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला साधारणपणे मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही. पण प्रत्येक राज्याचे नियम आणखी वेगळे, आणि चूक झाली तर इमिग्रेशनचा सगळा डोलारा कोसळू शकतो. तेव्हा व्हिसावर असाल तर मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा. मी स्वतः नागरिक होईपर्यंत बंदुकीला हात लावला नव्हता. २०११ च्या त्या सहलीत माझ्या हातात फक्त दुर्बीण होती.

आता जागा. नेवाडाचा वायव्य कोपरा म्हणजे पाच-सहा हजार फुटांवरचं पठार. काळ्या बेसाल्टचे कडे, मैलोन्‌मैल सेजब्रशची राखाडी झुडपं, आणि समुद्राला न मिळणारं पाणी. या खोऱ्यातल्या नद्या, ओढे तळ्यांत नाहीतर खाऱ्या मैदानांत जिरून जातात. बेसाल्टमुळे सह्याद्रीच्या माणसाला ओळखीचं वाटतं. आणि पहिल्या पावसाच्या सरीनंतर सेजब्रशचा जो वास सुटतो, तो मला थेट जोतिबाच्या डोंगरावर घेऊन गेला. पुढे पुस्तकात पाहिलं तर खरंच, चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा आणि सेजब्रश एकाच घराण्यातले! हाच भाग अँटिलोपचं माहेर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्राणी इतका कमी झाला होता की राहतो की जातो अशी अवस्था आली होती. त्याच्यासाठी इथे १९३१ साली शेल्डनचं आणि सीमेपलीकडे ऑरेगनमध्ये १९३६ साली हार्ट माउंटनचं अभयारण्य झालं, शिकारीवर कडक बंधनं आली, म्हणून आज सोडत तरी निघते.

नेवाडातली सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची, त्यामुळे फिरायला आणि तळ टाकायला बहुतेक ठिकाणी कुणाची परवानगी लागत नाही. पण रेल्वेच्या जुन्या मार्गालगत जाल तर सावध. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन एक सोडून एक चौरस मैल अशी दिली, तो बुद्धिबळाचा पट आजही नकाशावर दिसतो. जमिनीवर मात्र रेघ नसते. मालकीहक्क दाखवणारा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि कागदाचाही ठेवा, कारण तिथे फोनचा उपयोग टॉर्चपुरताच. सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने मिळतो, तो घ्यावाच. घरी एक चिठ्ठी ठेवायची: कुठल्या रस्त्याने गेलो, तळ कुठे, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा. आमच्याकडे ती फ्रिजवर चिकटवलेली असते.

जुलैमध्ये एकदा दोन दिवस जाऊन पाहून या. शिकारीचा मोसम ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि तेव्हा अँटिलोप पाण्यापासून फार लांब जात नाहीत. नकाशावर निळा ठिपका आहे म्हणून पाणी असेलच असं नाही. मी खुणा केलेल्या पाच पाणवठ्यांपैकी जुलैतच दोन कोरडे होते, एकात गुरांनी चिखल केला होता. म्हणून किमान तीन जागा हाताशी हव्यात. तळ मात्र पाण्यापासून दूर. पाणवठ्याच्या १०० यार्डांच्या आत जनावरांची वाट अडेल असा तंबू ठोकणं नेवाडात बेकायदा आहे, आणि कायदा नसता तरी शहाणपणाचं नव्हतंच. मी अर्धा-पाऊण मैल लांब राहतो.

आपलं पाणी आपण न्यायचं. माणशी दिवसाला दीड गॅलन धरतो मी. त्यात पिणं, स्वयंपाक आणि हातपाय धुणं येतं, आंघोळ येत नाही. दोघांना सहा दिवसांचे अठरा गॅलन, वर गाडीसाठी आणि अडीअडचणीला सात. पंचवीस गॅलनचं वजन दोनशे पौंडांच्या वर जातं, तेव्हा गाडी भरताना ते विसरू नका. यातले आठ गॅलन मी घरीच प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये गोठवून नेतो. तोच बर्फ. सुट्या बर्फापेक्षा तो कितीतरी जास्त टिकतो, वितळला तर पिता येतो, आणि मांस भिजत नाही. दोन मोठे आइसबॉक्स, एक फक्त मांसाचा. त्याला टेप लावून ठेवायची आणि शिकार होईपर्यंत कोणी, अगदी कोणीही, उघडायचा नाही. खाण्यापिण्याचा निराळा.

गाडीचं म्हणाल तर फोर व्हील ड्राइव्हपेक्षा टायर महत्त्वाचे. बेसाल्टच्या धारा बाजूने टायर कापतात. जाड, दहा प्लायचे टायर, पूर्ण मापाची दोन स्टेपनी, पंक्चर काढायचं साहित्य, हवेचा पंप, फावडं. कॅलिफोर्नियातून जाताना मी अल्टुरासला टाकी काठोकाठ भरतो आणि वर दहा गॅलन कॅनमध्ये घेतो, कारण खालच्या गिअरमध्ये दगडांवरून रांगताना पेट्रोल दुप्पट लागतं. गर्लाखकडून जाणारा रस्ताही आहे, पण त्याच दिवसांत तिथल्या ब्लॅक रॉक वाळवंटात बर्निंग मॅनचा मेळा भरतो आणि त्या एका रस्त्यावर हजारो गाड्या असतात. २०२३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे पाऊस पडला आणि ७० हजारांच्या आसपास माणसं चिखलात अडकून पडली, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलंच. त्या भागातली माती भिजली की चाकाला पिठाच्या गोळ्यासारखी चिकटते. ढग दिसले तर दोनच पर्याय, लगेच डांबरी रस्त्यावर यायचं किंवा माती वाळेपर्यंत मुकाट्याने बसायचं. म्हणून दोन दिवसांचं जादा अन्न न्यायचं. आमच्याकडे डाळ-तांदूळ आणि मेतकूट असतंच.

शेवटी बंदूक. २४३ किंवा २७० सारखी साधी रायफल पुरते. गोळी तांब्याची घ्या, शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात पसरतात आणि ते मुलंबाळं खाणार असतात. मे महिन्यापासून दर पंधरा दिवसांनी रेंजवर जा. बाकावर टेकून मारलेल्या गोळ्या मोजू नका. बसून, पालथं पडून, धाप लागलेली असताना मारा. दहा इंचांच्या थाळीत दहापैकी दहा गोळ्या जिथपर्यंत बसतात तेवढं तुमचं अंतर. माझं अडीचशे यार्ड आहे. दुपारी या पठारावर जो वारा सुटतो त्यात तेही उरत नाही. अँटिलोपची नजर जबरदस्त आणि आडोसा गुडघाभर झुडपांचा, त्यामुळे शेवटचे दोन-तीनशे यार्ड रांगत जावं लागतं. कातडी हातमोजे आणि गुडघ्यांना पॅड घाला. रॅटलस्नेक असतात, हात कुठे ठेवतो ते पाहून ठेवा.

घरून निघण्यापूर्वी मी एक कागद लिहून खिशात ठेवला होता. गाडीपासून दीड मैलाच्या पलीकडे नाही. अडीचशे यार्डांच्या पलीकडे नाही. दुपारी चारनंतर नाही. रात्री तिथे चाळीसपर्यंत तापमान उतरतं, मग संध्याकाळ का नको, असं सोबत्याने विचारलं. सोबती तोच २०११ चा. कारण एवढंच की जखमी जनावर अंधारात सापडत नाही, आणि थकलेला माणूस "उद्या सकाळी निवांत करू" म्हणतो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तिसऱ्या संध्याकाळी, सूर्य कड्याला टेकला असताना, एक मोठा नर पाणवठ्यावरून आमच्याकडे चालत आला. दोनशे वीस यार्ड, वारा पडलेला, तो आडवा उभा. गाडी तीन मैलांवर, मधे दरी. नऊ वर्षांची वाट डोळ्यांपुढून सरकून गेली. सोबती काही बोलला नाही. मी बोल्ट उघडून काडतूस काढून घेतलं, तेव्हा त्या बारीक आवाजाने त्याने मान वर केली, पाठीमागचे पांढरे केस पिंजारले आणि क्षणात धुळीची रेघ. परतताना वाटेत दीड तास मी स्वतःवरच चिडलो होतो, हे कबूल करतो.

पाचव्या सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, गाडीपासून मैलभरावर, दुसरा एक नर मिळाला. तेवढा मोठा नव्हता. एकशे नव्वद यार्ड, एक गोळी. जवळ गेलो तेव्हा हात थरथरत होते, थोडा वेळ बाजूला बसलो. मग कामाला लागलो. टॅगची नोंद आधी. कातडं लगेच, कारण उष्णता त्यातच कोंडते. याचे केस पोकळ आणि ठिसूळ असतात, चटकन मांसाला चिकटतात, म्हणून कातडं उलटं गुंडाळत न्यायचं. पुढचे पाय, मागच्या मांड्या, पाठीचं मांस, मान, सगळं सुटं करून सुती पिशव्यांत, झुडपाच्या सावलीत टांगून वारं लागू दिलं. पिशव्या ओल्या प्लॅस्टिकमध्ये कधी घालू नका. दोघांनी एकाच खेपेत गाडीपर्यंत आणलं आणि सव्वादहाला मांस बर्फात होतं. टेप कापताना सोबत्याने घड्याळ पाहिलं, मीही पाहिलं.

घरी वजन केलं, हाडं काढून ३९ पौंड. चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे तांबड्या रश्श्यात तेल थोडं सढळ घालावं लागतं आणि सुक्याला बोकडाइतका वेळ देता येत नाही. वास? अजिबात नाही. वास येतो असं ज्यांनी तुम्हाला सांगितलं असेल त्यांना त्यांच्या बर्फाबद्दल विचारा.

टॅगवाल्याने शिकार झाली असो वा नसो, ३१ जानेवारीपर्यंत खात्याची प्रश्नावली भरून द्यावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही. किती दिवस फिरलात, जनावर मिळालं का, शिंगं केवढी. मी पाच दिवस लिहिलं, शिंगांची लांबी मोजून लिहिली. तिसऱ्या संध्याकाळसाठी त्यात रकाना नव्हता.